उणे आणि वजा

गेल्या दिवाळीत नात जबलपूरहून आली ती विज्ञानाचे पुस्तक काखेत मारूनच. दहावीचे वर्ष. इकडे फराळाची घाई, तिकडे हिचा अभ्यास. दुपारी ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, रिड्यूस मतलब कम करना ना? फिर कॉपर ऑक्साइड रिड्यूस हुआ, तो तांबा मिला. मिळालं ना काहीतरी! मग कम कहाँ हुआ?"

आमच्या घरची भाषा ही अशी. अर्धे वाक्य वैनगंगेच्या या काठावर, अर्धे त्या काठावर.

मी जन्मभर गणिताचा मास्तर. "अगं, ऑक्सिजन कमी झाला," असे सांगून मोकळा झालो. पण पोरीचे समाधान होईना, आणि खरे सांगायचे तर माझेही होईना. शेवटी कपाटातला जुना इंग्रजी कोश काढला. चष्मा पुसून पाहतो तो काय, हा शब्द मुळात कमी करण्याचा नव्हेच! लॅटिनमध्ये 'रे' म्हणजे मागे, माघारी. आणि 'ड्यूसेरे' म्हणजे नेणे. रिड्यूस म्हणजे माघारी नेणे, परत आणणे. आपल्या एसटीतला कंडक्टर, सिनेमाचा प्रोड्यूसर, लग्नघरात करून देतात ते इंट्रोडक्शन, ही सगळी त्याच 'नेण्या'च्या घराण्यातली भावंडे.

चौदाव्या शतकाच्या सुमारास हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा भरकटलेल्याला वाटेवर परत आणणे, एखादी वस्तू पूर्वस्थितीला नेणे, असा त्याचा अर्थ होता. पुढे ताब्यात आणणे, नमवणे, खालच्या पायरीवर आणणे असे करत करत तो नुसता 'कमी करणे' एवढाच उरला. पण जुना अर्थ दोन ठिकाणी टिकून आहे. निखळलेले हाड डॉक्टर जागेवर बसवतात, त्याला ते रिडक्शन म्हणतात. तिथे काहीच कमी होत नाही. हाड आपल्या घरी परत येते. आणि दुसरे ठिकाण म्हणजे नातीचे पुस्तक. दगडमातीत मिसळून गेलेला धातू पुन्हा धातुरूपाला आणायचा, तो रिड्यूस करायचा, असे जुने धातुकार म्हणत. मराठी पुस्तकात याला 'क्षपण' म्हणतात, तिच्या हिंदी शाळेतल्या मैत्रिणी 'अपचयन' म्हणतात. दोन्ही शब्दांत ऱ्हासच तेवढा दिसतो, परतणे दिसत नाही.

आपल्या जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची खाण आणि भरवेलीला मँगनीजची. या मातीतल्या माणसाला तरी हे समजायला हरकत नव्हती. पण मला ते सत्तरी उलटल्यावर समजले.

मग आम्हा आजोबा-नातीला नादच लागला. मराठीत कमी होण्याला शब्द तरी किती! 'कमी' फारसीतून आला. 'वजा' आणि 'बाकी' दोन्ही अरबीतले, म्हणजे आपली वजाबाकी सगळीच पाहुणी. 'उणे' मात्र घरचे, संस्कृतातल्या 'ऊन' वरून आलेले. ते आपण रोज मोजतो पण ओळखत नाही. एकोणीस म्हणजे एक उणे वीस. "और उन्नीस?" नातीने विचारले. तेही तेच. तिचा चेहरा असा उजळला, की दोन्हीकडचे नातेवाईक एकाच मांडवात भेटावेत!

शिवाय पूर ओसरतो, ताप उतरतो, चंदन झिजते, वर्ग रोडावतो, दूध आटते. प्रत्येकाच्या उणे होण्याची रीत वेगळी, म्हणून शब्दही वेगळा. आणि काही ठिकाणी तर आपण उणे हा शब्दच तोंडातून काढत नाही. बांगडी फुटली तर ती 'वाढवली' म्हणायची, नारळ फोडला तरी 'वाढवला'. हिंदीवालेही दुकान बंद करताना 'बढ़ाते हैं' म्हणतात, दिवाही 'बढ़ाते हैं'. अशुभ नको म्हणून दोन्ही भाषांनी तोंडावर सारखाच हात ठेवलेला.

माझी आई यात फार कडक. डब्यातले तांदूळ संपले, असे तिच्यासमोर म्हणायची सोय नव्हती.

माझे वडील नोकरीसाठी भंडाऱ्याहून वारासिवनीला आले, तेव्हा दोन्ही गावे एकाच प्रांतात होती आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. काका परराज्यातले झाले, एवढेच घरात बोलले गेले. गोंदिया चाळीसेक किलोमीटरवर होते तिथेच राहिले, छोटी गाडी धावतच होती. भाषा काही एका रात्रीत कमी झाली नाही.

ती कमी केली मी. माझा मुलगा पहिलीत गेला, १९८६ साली. पोरे त्याच्या हिंदीला हसत. तो रडत घरी येई. एके रात्री मी बायकोला म्हणालो, "उद्यापासून पोराशी हिंदीतच बोलू. मराठी जरा कमी करू या." आई भिंतीला टेकून वाती वळत होती. ती काही बोलली नाही, फक्त वातीचा वेग मंदावला. त्यानंतर नातवाशी ती मोडके हिंदी बोलू लागली. ज्या बाईकडे शब्दांचा हंडा भरलेला, तिने नातवापुढे वाटीभर शब्दांत संसार केला. १९९८ साली ती गेली.

मुलगा शिकला, चांगला स्थिरावला. माझा निर्णय चुकला असे तो कधी म्हणाला नाही. त्याला मराठी समजते, बोलायला लाजतो. मीही दोष राज्याच्या सीमेला देत आलो. माणसाला नकाशावर रागावणे सोपे जाते.

तर त्याच दिवाळीत, कोश काढताना, कपाटातून आईची वही निघाली. फराळाची. नातीने हौसेने वाचायला घेतली. लिपी ओळखीची, पण 'डाळ' ची 'डाल' झाली, 'गूळ' चा 'गूल'. मी जीभ टाळ्याला लावून ळ शिकवला. दहा वेळा हसली, अकराव्यांदा जमला. पुढे बासुंदीपाशी अडली. आईने लिहिले होते, 'दूध निम्मे होईतो आटवावे, घाई करू नये.'

"आटवावे मतलब?"

"रिड्यूस," मी म्हणालो, आणि आम्ही दोघेही हसलो.

पण रात्री झोप येईना. आटलेल्या दुधात पाणी घातले तर त्याचे पुन्हा पहिले दूध होत नाही. आईचे ते मुके झालेले दिवस कोणत्या कोशाने परत येणार? निखळलेले हाड मात्र बसवता येते. उशीर झाला तर दुखते जास्त, पण बसते. आमच्या घरात नेमके काय झाले, दूध आटले की हाड निखळले, हे मला ठरवता येईना.

पाडव्याला मुलगा-सून आले. नातीने बासुंदी केली होती, आईच्या वहीबरहुकूम. मुलाने पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "ये तो दादी वाली है," म्हणाला. नातीने वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने ती बराच वेळ हातात धरली, मग वाचू लागला. मोठ्याने, अडखळत. 'वेलदोडे' नीट आले, 'केशर' नीट आले. 'जायफळ' पाशी थांबला.

"जायफल," तो म्हणाला.

"पप्पा, ळ," नात म्हणाली. "जीभ ऊपर लगाओ."

माझा पंचेचाळीस वर्षांचा मुलगा आपल्या लेकीपुढे जीभ टाळ्याला लावून बसला होता. तिसऱ्या खेपेला ळ आला. मी उठून उगाच दिव्यात तेल घातले.

वही आता जबलपूरला आहे. माझ्या कपाटात तेवढी जागा उणी झाली आहे.