ताणावरची झाडं

आमच्या सौसर-पांढुर्ण्याकडे (२०२३ पासून पांढुर्णा जिल्हाच झालाय, सौसर त्यातच) 'ताण' म्हटलं की डोक्याचा नाही, संत्र्याच्या बगीच्याचा. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडायचं, पानं मलूल झाली की पुन्हा सोडायचं, मग फूल फुटतं. बँकेत असताना बगीचेवाल्यांच्या कर्जाचे हप्ते मी याच बहारावर बांधून द्यायचो. बहार चुकला की वसुली तर गेलीच, त्या घरचं लग्नही पुढे जायचं.

पण झाडाला ऋतू कळतो कसा? मी कॉमर्सवाला. वनस्पतीशास्त्र शिकणाऱ्या नातीनं समजावलं. "आबा, प्रथिनाची घडी ठरलेली असते, पण काहींचा एखादा भाग सैलच राहतो, घडी पडतच नाही." ईएलएफ-३ नावाचं असंच एक प्रथिन. वाढ आणि फुलोरा लवकर आणणाऱ्या जनुकांना ते आवरून धरतं. गरमी वाढली की त्या सैल भागामुळे ते थेंबासारखं गोळा होतं, नि जनुकं मोकळी सुटतात. २०२० साली 'नेचर'मध्ये हे छापून आलं. प्रयोग मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिस या चिमुकल्या रोपावरचे, संत्र्यावरचे नव्हेत. तरी मला भारी वाटलं, सैलपणाच कामाचा!

यंदा थंडी कमी पडली. दादांच्या तीनशे झाडांवर फूल विरळ आलं, आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर. सगळं ऐकून ते नातीला म्हणाले, "मंग सांग बाई, पुढच्या साली ताण कवा देऊ?"

ती वही उघडून बसली आहे.