शिशाची मोहर

माझी नोकरी मध्यप्रदेश शासनाच्या नापतौल विभागात झाली. बिडाच्या वजनाला एक भोक असते; त्यात शिसे भरून त्यावर सरकारी मोहर उमटवायची, हे काम वर्षानुवर्षे पाहिले. ते शिसे खरवडून वजन हलके करणारे आणि वरून साळसूद चेहरा ठेवणारे दुकानदारही पुष्कळ पाहिले. त्यामुळे २०२३ च्या पावसाळ्यात, इंदूरच्या पोलोग्राउंड भागातील पुतण्याच्या वर्कशॉपमध्ये, शर्यतीच्या गाडीच्या इंजिनावर तशीच शिशाची गोळी लोंबताना दिसली तेव्हा जुना सहकारी भेटल्यासारखे वाटले.

गाडी त्याच्या मित्राची. एका माणसापुरती, उघडी, जमिनीलगतची. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुतीची इंजिने बसवून 'फॉर्म्युला मारुती' गाड्या तयार केल्या होत्या, त्याच कुळातली. हिचे इंजिन १३०० सीसीचे. पैशाच्या जोरावर कोणी आतून ताकद वाढवू नये म्हणून बोल्टांच्या डोक्यांतून तार ओवून त्यावर मोहर लावतात. मोहर तुटली की गाडी बाद. आणि या इंजिनाखाली रोज रात्रीतून रुपयाएवढा तेलाचा डाग पडत होता.

"काका, तार कापतो, पॅकिंग बदलतो, परत जोडतो. कोणाला कळणार आहे?" पुतण्या म्हणाला.

हे वाक्य मी दुकानांच्या गल्ल्यांवर अनेकदा ऐकले होते. घरात प्रथमच ऐकले. "मला कळले ना! आधी बाहेरून तर नीट पाहा," एवढेच म्हणालो. (तेल अडवणाऱ्या रबरी कड्यालाही सीलच म्हणतात. एक तेल आत ठेवते, दुसरे हात बाहेर ठेवते.)

इंजिन रॉकेलने धुतले, कोरडे केले, त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि गरम होईपर्यंत चालवले. तेल ठिबकते तिथेच गळते असे नाही. ते वरून ओघळत येते. म्हणून ओल्या रेघेचे वरचे टोक शोधायचे. फिल्टर कोरडा, टॅपेट कव्हर कोरडे. ब्रीदरचा पाइप मात्र क्लिपखाली चेपलेला निघाला. पिस्टनच्या कडेने खाली उतरणाऱ्या वायूची ती वाट; ती बुजली की तो तेलाला सांध्यांतून बाहेर ढकलतो. पाइप बदलला. डाग चवलीएवढा झाला, पण गेला नाही. रेघ सुरू होत होती ती चेंबरच्या सांध्यापाशी, आणि तार नेमकी त्याच बोल्टांतून गेली होती.

तसेच चालवावे, तर मार्गावर सांडलेले तेल मागून येणाऱ्याच्या चाकाखाली जाणार. दोन दिवस पुतण्या गप्प होता. मग त्याने तांत्रिक तपासनिसांना फोन लावला. "न उघडता घेऊन या," असे उत्तर आले.

गाडी ट्रकने कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गेली. हौसेने मीही गेलो. तपासनिसांनी मोहरेचा क्रमांक नोंदला, तार कापली आणि नवे पॅकिंग बसेपर्यंत शेजारी स्टूल टाकून बसले. नवी मोहर, नवा क्रमांक, सह्या. या सगळ्यात वेळनोंदणीची फेरी हुकली आणि गाडी सर्वांच्या मागून सुटली. मित्र परतीच्या प्रवासात पुतण्याशी एक शब्द बोलला नाही.

कापलेली गोळी आठवण म्हणून मी मागितली होती. "ती जमा करावी लागते," तपासनीस म्हणाले. बरोबरच होते, मी उगाच विचारले.