पहिला भाग कोणता?

मंडळी, एखादी जुनी, गाजलेली मालिका नव्या माणसाला दाखवायची तर सुरुवात कुठून करावी? "पहिल्या भागापासून" हे सगळ्यात सोपं उत्तर. पण गोष्ट जिथे सुरू होते तिथूनच बघणाऱ्यानेही सुरुवात करावी, असं मला वाटत नाही. सध्या हाच विषय आमच्या घरात गाजतोय, म्हणून लिहायला बसले.

मालिका म्हणजे श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज'. १९८८ साली दूरदर्शनवर आली, एकूण ५३ भाग. पंडित नेहरूंनी १९४४ साली आमच्या नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'वर ती आधारलेली. (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या जिभेवर नगरच बसलंय.) त्यामुळे आम्हाला ती घरचीच वाटायची.

माझी नात यंदा दहावी झाली. "इतिहास सुटला एकदाचा!" म्हणते. मी या मालिकेचं नाव काढलं तर म्हणाली, "आजी, त्रेपन्न भाग? मी एक बघीन. आवडला तर पुढचं."

एकच भाग! ३४ वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला हे घरातूनच आव्हान. तो एक भाग चुकीचा निवडला, तर पुढचे बावन्न ती कधीच बघणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

पहिला भाग सुंदर आहे. 'भारतमाता की जय' म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना नेहरू विचारतात, ही भारतमाता म्हणजे नेमकं कोण? पण हा प्रश्न आपल्यालाही पडलेला असेल तरच त्याची गोडी. सोळा वर्षांच्या मुलीला तो अजून पडलेला नाही. रामायण-महाभारताचे भाग दाखवावेत, तर आजच्या झगमगाटाची सवय झालेल्या डोळ्यांना ते साधे वाटणार. घरातल्या सगळ्यांचं मत पडलं, शिवाजी महाराजांचे भाग दाखव. महाराज झालेत नसीरुद्दीन शाह, औरंगजेब ओम पुरी. मोह मलाही झाला. पण आपल्याकडच्या मुलांना महाराजांचे सगळे प्रसंग पाठ असतात. ती बघत नाहीत, तपासत बसतात... हे का गाळलं, ते का नाही दाखवलं!

बी.एड.ला आम्हाला एक सूत्र शिकवलं होतं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. म्हणजे मुलाला थोडंसं माहीत असलेलं काही घ्यायचं आणि तिथून पुढे न्यायचं. मग मला महात्मा फुल्यांचा भाग आठवला. मालिकेच्या शेवटाकडे आहे तो. फुले तिला माहीत होते, पण कसे? शाळेच्या भिंतीवरचा फोटो, ११ एप्रिलला हार. यापलीकडे काही नाही. तोच फोटो चालू-बोलू लागला तर?

जोतीरावांची भूमिका केलीय आमच्या नगरच्याच सदाशिव अमरापूरकरांनी. आणखी एक धागा म्हणजे, मुलींची शाळा काढायची प्रेरणा जोतीरावांना नगरमधल्याच मिस फॅरार यांच्या शाळेवरून मिळाली. १८४८ साली त्यांनी पुण्यात शाळा काढली. हे सगळं मी तिला आधी सांगितलं नाही. नुसता भाग लावून दिला आणि शेजारी भाजी निवडत बसले.

भाग संपला. मला वाटलं, आता फोन हातात घेईल. तिने विचारलं, "आजी, त्या वेळी आपल्या घरातले लोक कुणाच्या बाजूने असतील गं?"

इतक्या वर्षांत वर्गात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. काय सांगणार? मी एवढंच सांगितलं की माझ्या आजीला स्वतःची सही करता येत नव्हती, अंगठा उठवायची. फुल्यांची शाळा निघून तेव्हा नव्वदहून जास्त वर्षं झाली होती. आणि आपल्या घरातले पुरुष मात्र शिकलेले होते. बाजू त्यावरून तूच ओळख. ती बराच वेळ गप्प होती. मीही.

असो. त्यानंतर शिवाजी महाराज झाले, मग 'सिलप्पदिकारम'. नवऱ्यावर अन्याय झाला म्हणून मदुरा जाळणारी कण्णगी आपल्या पुस्तकात आपल्याला कधी भेटलीच नव्हती! आता पहिला भाग लावणार आहोत. भारतमाता कोण, हे विचारायला ती आता तयार झालीय असं वाटतं.

तुम्ही तुमच्या घरातल्या मुलांना कुठला भाग आधी दाखवाल? जरूर कळवा. पण निवडताना आपल्या आवडीचा निवडू नका. ज्यातून मूल आपल्यालाच काहीतरी विचारील, असा निवडा. उत्तर देताना थोडं अवघड जाईल, पण जाऊ दे.