नागपुरात बॅले? आधी जमीन द्या!

"नागपुरात बॅले? काऊन बा, कथ्थक नाही भेटलं का?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता मी नुसता हसतो. हो, माझी लेक बॅले शिकते. आठवड्यातून तीन दिवस तिला क्लासला सोडतो आणि बाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवर बातम्या टाइप करतो. दार उघडं असतं, त्यामुळे पाहून पाहून थोडं मलाही कळायला लागलं.

क्लासचा पहिला भाग भिंतीलगतच्या दांड्याला धरून होतो, त्याला बार म्हणतात. मग सगळे खोलीच्या मध्ये येतात, आधाराशिवाय. हे सेंटर. खरी परीक्षा इथं. लेक दांड्यापाशी एकदम झकास, मध्ये आली की डुगडुगायची. तिच्या मॅडम म्हणाल्या, "तू दांडा धरत नाहीस, त्याला लटकतेस." मग सहा महिने एकच काम. दांड्यावर फक्त बोटं टेकवायची, मधेच तीही उचलायची. दांड्याचे व्यायाम मध्यभागी, सावकाश, आरशाकडे पाठ करून. गिरकी घेताना खांदा फेकायचा नाही. उभ्या पायानं जमीन खाली दाबायची, नजर एका खुणेवर ठेवायची, डोकं सगळ्यात शेवटी वळवायचं आणि सगळ्यात आधी परत आणायचं. एक गिरकी स्वच्छ झाल्याशिवाय दुसरी नाही. गिरकी सुधारली.

मग उड्या सुरू झाल्या आणि नडगी दुखायला लागली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कशावर उड्या मारते?"

फरशीवर. सिमेंटवर बसवलेल्या चकचकीत टाइल्सवर.

उडीवरून खाली येताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पायावर येतो. चवडा, टाच, मग गुडघा वाकवून तो जिरवायचा, हे तंत्र लेकीला येतं. पण उरलेला मार जमिनीनं घ्यायचा असतो. म्हणून नाचाच्या खोलीत पट्ट्यांवर किंवा फोमवर तोललेली लाकडी जमीन असते, ती किंचित दबते. टाइल दबत नाही. आम्ही फोमची मॅट टाकून पाहिली. गिरकीत पाय अडकला, गुडघ्याला पीळ बसला. आता उड्या अर्ध्यावर आणल्यात. पण उड्यांशिवाय सेंटर म्हणजे फोडणीशिवाय वरण.

हे श्रीमंतांचे चोचले वाटत असतील तर मुंबईकडे बघा. वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला गेला. टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहानही त्याच्यासोबत शिकलेला. दोघांवरून प्रेरणा घेऊन २०२० मध्ये 'ये बॅले' हा सिनेमा आला. येहुदा माओर नावाचे गुरू त्यांना भेटले, हे खरंच. पण रोज सराव करायला नाचाची खोलीही भेटली. गुणवत्ता काय फक्त मुंबईतच जन्मते?

आणि हा प्रश्न एकट्या बॅलेचा नाही. भरतनाट्यम, कथ्थकवाल्या पोरीही टाइल्सवरच पाय आपटतात. गणपतीत, गॅदरिंगला नाचणारे ग्रुप तर गच्चीवर सराव करतात. आपल्याकडं देशपांडे सभागृह आहे, २००० च्या आसपास खुर्च्यांचं सुरेश भट सभागृह आहे. म्हणजे बघणाऱ्यांची सोय झाली. नाचणाऱ्यानं वर्षभर सराव कुठं करायचा?

वस्तीवस्तीत समाजभवनं आहेत. महापालिकेचे दहा झोन आहेत. प्रत्येक झोनमधल्या एका समाजभवनात एक खोली लाकडी जमिनीची करा, एका भिंतीला आरसा लावा, परवडणाऱ्या तासभाड्यानं सगळ्यांना खुली ठेवा. एवढीच मागणी. पुढच्या वेळी नगरसेवक निधीतून नवं भवन होईल तेव्हा ग्रॅनाइट कुठला हे विचारण्याआधी जमीन कशाची हे विचारा.

काल क्लासहून येताना लेक म्हणाली, "बाबा, मला उडायची भीती नाही वाटत, खाली यायची वाटते."

तुमच्या वस्तीत अशी एखादी खोली असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा. एकट्या माझ्या लेकीसाठी नाही विचारत आहे.