विहिरीतला हंसराज

जाफराबादजवळ केळणा नदी पूर्णेला मिळते. त्या परिसरातील आमच्या शेतात एक जुनी दगडी विहीर होती. उन्हाळ्यात सारे शिवार करपून जाई. परंतु विहिरीच्या सावलीत, दगडांच्या ओल्या सांधींतून हंसराज हिरवागार डुलत असे. काळेभोर, केसांसारखे चकचकीत देठ आणि पंख्याच्या आकाराची नाजूक पर्णदले! नवे पान गोगलगायीच्या शंखासारखे गुंडाळलेले येई व हळूहळू उलगडे. पाणी शिंपडले तरी ते भिजत नसे. थेंब मोत्यांसारखे घरंगळून जात.

एकदा पानांच्या मागे, कडेला, तपकिरी ठिपके दिसले. कीड पडली असे समजून मी ते नखाने खरवडू लागलो. एक पान शाळेत नेऊन गुरुजींना दाखवले. ते हसून म्हणाले, “अरे, ही कीड नव्हे, हा हंसराजाचा वंश आहे!” त्यांनी ते पान पांढऱ्या कागदावर ठेवून झाकले. दुसऱ्या दिवशी कागदावर धुळीसारखी बारीक भुकटी पडली होती.

गुरुजींनी समजावून सांगितले, “हंसराज हा एक नेचा आहे. नेच्यांना फूल नाही, फळ नाही, बीही नाही. ही भुकटी म्हणजे त्यांचे बीजाणू. ओलाव्यात बीजाणू रुजला, की त्यातून नखाहूनही लहान, बदामाच्या आकाराची हिरवी पापडी तयार होते. तिच्या खालच्या बाजूस नर व मादी पेशी असतात. नरपेशी पाण्यातून पोहत मादीपेशीला मिळते, तेव्हाच नवा नेचा जन्मतो. तेवढे थेंबभर पाणी मात्र हवेच!”

मला फार वाईट वाटले. मी किती बीजाणू खरवडून टाकले होते!

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. विहीर आटली, दगड तापले आणि हंसराज वाळून नाहीसा झाला. माझ्या हातून उरलेसुरले दुष्काळाने नेले, असे मला वाटले.

१९७३ च्या पावसाळ्यात विहिरीला पुन्हा पाणी आले. काही महिन्यांनी मी सहज आत डोकावलो, तो एका सांधीत हिरवी गुंडाळी उलगडत होती! ती फटीत तग धरून राहिलेल्या मुळाची होती, की वाऱ्याबरोबर आलेल्या एखाद्या बीजाणूची, कोण जाणे. पस्तीस कोटी वर्षांहून अधिक काळ नेचे या पृथ्वीवर टिकून आहेत. एका दुष्काळाने ते कसे हरणार? मी हात पुढे केला. पण या वेळी पानाला नख लावले नाही.