दारावर आलेली माणसं

आप्पा गेले आणि धुळ्याच्या घरी दारावर येणाऱ्यांची रीघ लागली. भाऊबंद, शेजारी, कॉलेजातले जुने मित्र, जो तो आपलं नातं सांगून सतरंजीवर बसे. काही जण मात्र काहीच न सांगता बसत, कोणी विचारलंच तर 'ओळखीचे होते' एवढंच म्हणून उठत. ती आप्पांकडे मानसोपचारांना येणारी माणसं होती. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यांना गोपनीयतेचा हक्क दिलाय, आणि तो हवाच. पण त्यामुळे चारचौघांत आप्पांसाठी रडायची सोय त्यांना नव्हती.

गंधमुक्तीला भाषणं झाली. 'आप्पांना कधी राग आला नाही,' असं एकाने सांगितलं. मी जळगावात आप्पांसारखंच मानसोपचारांचं काम करते. अवघड वाटलेल्या माणसांबद्दल आप्पा आणि मी वर्षानुवर्षं फोनवर बोलत आलो. आप्पा रागीट होते. मुलाला भगताकडे बांधून ठेवणाऱ्या एका बापावर ते भर खोलीत ओरडले होते. रात्री मला फोन करून तळमळत राहिले आणि सकाळच्या एसटीने त्या बापाच्या गावी जाऊन त्याची माफी मागून आले. मुलगा पुढे त्यांच्याकडेच बरा झाला.

भावनेच्या मुळाशी विचार असतो, ही अल्बर्ट एलिसची मांडणी ते कि. मो. फडके यांच्या पुस्तकांतून शिकले होते, आणि त्यावर त्यांचा पक्का विश्वास होता. पण रावेरकडे वादळात काढणीला आलेली केळी आडवी झाली, तेव्हा आम्ही एका शेतकऱ्याकडे गेलो. बायकोने आम्हाला बोलावलं होतं, त्याची झोप उडाली होती. तिथे आप्पांनी एलिसचं नावही काढलं नाही. बांधावर बसले. पंचनामा झाला का, विम्याचे कागद दिले का, एवढंच विचारलं. बऱ्याच वेळाने तो बोलायला लागला, तो अंधार पडेपर्यंत. इतकं चांगलं काम मी दुसऱ्या कोणाचं पाहिलेलं नाही.

स्वतः आप्पा नाशिकला एका डॉक्टरांकडे जात. रात्री छाती धडधडे, मरणाची भीती वाटे. हे ते लपवत नसत. डॉ. अनिता अवचटांबद्दल त्यांना फार आदर होता. 1986 साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं करणाऱ्या अनिताताईंनी कॅन्सर झाल्यावरही ते काम सोडलं नाही. 1997 साली त्या गेल्या. आजारी माणूस दुसऱ्या आजारी माणसाला आधार देऊ शकतो, हे आप्पांना त्यांच्याकडे पाहून पटलं होतं.

म्हणून आप्पांना संत करू नका. संतापुढे माणूस हात जोडतो, मनातलं सांगत नाही. लोक आप्पांशी बोलले, कारण हा माणूस आपल्यासारखाच घाबरतो, हे त्यांना दिसत होतं.

आणि दारावर येऊन न बोलता परत गेलेल्यांना एक विनंती. उपचार अर्धवट सोडू नका. दुसऱ्या कोणाकडे जा. तोवर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.