विरीतलं पाणी

डेंग्यूच्या सिम्युलेशनमध्ये मला एकच गोष्ट छळते: धो धो पाऊस झाला की किती अळ्या वाहून जातात? बाकीचं जमवता येतं. ऊब वाढली की डासाच्या अंगात विषाणू लवकर पिकतो, त्याची कोष्टकं आहेत. वाहून जाण्याचं कोष्टक नाही.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी 2025 मध्ये पुण्यातल्या डेंग्यूचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला 150 मिलिमीटरपर्यंतच्या पावसात मृत्यू वाढतात, त्याहून जास्त पडला तर घटतात. जोराचा पाऊस अंडी-अळ्या धुऊन नेतो. काम पक्कं आहे, पण पुण्याचं. आमच्या कोकणातल्या काशीदला तेवढा पाऊस एका दिवसातही कोसळतो.

हाताखाली आलेल्या विद्यार्थिनीच्या घरची तिथे सुपारीची वाडी आहे. तिने भर पावसात पोफळीखाली गळून पडलेली विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, दाखवली. होडीसारखी, काठोकाठ भरलेली. माझी सावली पडताच अळ्यांनी तळाकडे बुडी मारली. "सर, सांडतं ते वरचं पाणी. ह्या खालीच राहतात." आणि अंडी तर पाण्याच्या रेषेवर चिकटलेली, महिनोन्महिने सुकी टिकतात, पाणी चढलं की फुटतात. जो पाऊस अळ्या नेतो, तोच नव्या काढतो.

तेव्हा मी वाहून जाण्याचा तो एकच दर फोडला. डबकं वेगळं, विरी वेगळी, करवंटी वेगळी, कॉटेजमागचं पिंप वेगळं. कोड रात्रभर चालतो आणि उत्तराची अनिश्चितता वाढतेच. हल्ली नुसते आकडे यंत्रात ओतून भाकीत काढणाऱ्यांची चलती आहे. त्यांचे आलेख देखणे येतात आणि मला त्यांचा हेवा वाटतो. परिषदेत माझ्याच आलेखावर नजरा खिळाव्यात, ही हाव अजून सुटलेली नाही. तरी माझं ठाम मत आहे: ज्याने अळी पाहिली नाही, त्याने तिचा दर ठरवू नये.

रोनाल्ड रॉसने मलेरियाचं गणित कागदावर मांडलं. सगळे डास मारावे लागत नाहीत, ठरावीक मर्यादेखाली आणले की साथ ओसरते, हे त्याच्या 1911च्या पुस्तकात आहे. विरी आठवड्याला उपडी केली तर अळीचा डास होत नाही, हे वाडीवाल्यांना मॉडेलवाचूनही पटतं. पण अख्ख्या वाडीतल्या किती विऱ्या नजरेतून सुटल्या तर चालतील, हे मॉडेलनेच सांगायला हवं.

त्यासाठी ती विद्यार्थिनी आता विऱ्यांना रंगाच्या खुणा करून मोजून पाणी ओतते आणि सांडलेल्या पाण्यातल्या अळ्या चहाच्या गाळणीत मोजते. दर विरीचा आकडा निराळा येतो. मी सरासरी न काढता सगळे आत घालतो आहे.